मातीच्या लहान पूररोधक धरणाच्या पायथ्याशी ओल दिसली: किती काळजी करायची आणि आधी काय करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओढ्यावर चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले ९ मीटर उंचीचे मातीचे धरण. ते पूर अडवण्यासाठी आहे, त्यामुळे वर्षातले बहुतेक दिवस रिकामेच असते. धरणाच्या पोटातून एक पाइप जातो. तो कायम उघडा असतो आणि साठलेले पाणी हळूहळू खाली सोडतो. मागच्या मोठ्या पावसात धरण अर्ध्याहून जास्त भरले आणि दुसऱ्याच दिवशी पाइपच्या तोंडाशेजारी, पायथ्याला ओल दिसली. पाणी उतरल्यावर ओलही गेली. खालच्या उतारावर झाडे वाढली आहेत. सांडव्यातून, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायच्या वाटेतून, कुणीतरी गाडीवाट काढली आहे आणि तिच्यासाठी तिथे फूटभर माती टाकली आहे. धरण बांधले तेव्हा खाली शेते होती, आता घरे आहेत. लोक म्हणतात, चाळीस वर्षांत काही झाले नाही, मग आताच काय होणार? हे म्हणणे बरोबर आहे का, आणि आपण नेमके काय करायचे, असे विचारले आहे.

आधी काम सांगतो, कारणे मागून. सांडव्यातली ती माती काढायला लावा. ओलीची तपासणी, झाडे, बाकीचे सगळे आठवडा-पंधरा दिवस थांबू शकते; सांडवा थांबू शकत नाही. हे धरण ज्याच्या ताब्यात आहे त्याला आजच लेखी कळवा, फोटो जोडा आणि गाडीवाटेला दुसरी जागा मागा.

फूटभर मातीने काय बिघडते, हे आकड्यात बघा. समजा सांडवा १५ मीटर रुंद आहे आणि पुराच्या वेळी त्यावरून १ मीटर जाडीचे पाणी जावे असा हिशेब होता. तेवढ्यातून सेकंदाला साधारण २५ घनमीटर पाणी निघते. तळ ३० सेंटीमीटरने वर आला की तलावातली पातळी तीच असताना सांडव्यावरून जाणारे पाणी उरते ७० सेंटीमीटर, आणि प्रवाह उतरतो १५ घनमीटरवर. खोली तीस टक्क्यांनी घटली, पण प्रवाह चाळीस टक्क्यांनी. राहिलेले १० घनमीटर तलावात साठत जाते आणि पातळी चढत जाते. पूर्वीइतके पाणी बाहेर पडायला तलाव आणखी ३० सेंटीमीटर वर चढावा लागतो, आणि ही उंची येते सांडव्याच्या कमाल पाण्यापासून धरणाच्या माथ्यापर्यंत जी मोकळी उंची राखलेली असते तिच्यातून. चाळीस वर्षांत माथाही मधोमध थोडा खचलेला असतो. कागदावर मीटरभर दिसणारी मोकळी उंची प्रत्यक्षात वीतभर उरलेली मी पाहिली आहे, आणि तिथे कुणाच्याही ते लक्षात आले नव्हते, कारण माथा डोळ्याला सपाटच दिसतो. लेव्हल, म्हणजे उंची मोजायचे यंत्र, लावली तेव्हा कळले.

मातीच्या धरणावरून पाणी जाऊ लागले की ते पसरून सारखे वाहत नाही. सगळ्यात खोलगट जागा शोधते आणि तिथेच एकवटते. खालच्या उतारावर जिथे गवत विरळ आहे, झाडाचे खोड आहे, गुरांची वाट आहे, तिथे पहिला लचका तुटतो. तिथे छोटी पायरी तयार होते, पाणी त्या पायरीवरून कोसळते, पायरीचा पाया पोखरते, आणि ती पायरी पावला-पावलाने मागे, माथ्याकडे सरकत जाते. ती माथा ओलांडून तलावाच्या बाजूला पोहोचली की धरण गेले. चांगल्या दाबलेल्या चिकणमातीवर दाट गवत असेल तर उथळ पाणी काही तास सोसले जाते. मुरमाड किंवा वाळूमिश्रित भरावाला तेवढाही वेळ मिळत नाही.

अमेरिकेतल्या जॉन्सटाउनवर ३१ मे १८८९ रोजी साउथ फोर्क हे मातीचे धरण फुटून आले आणि २,२०९ माणसे गेली. त्या धरणाच्या आधीच्या वर्षांत काय काय घडले होते ते पाहिले की आपल्या ओळखीचेच वाटते. तळातले पाणी सोडायचे पाइप काढून टाकलेले, माथ्यावरून गाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा उतरवलेला, आणि तलावातले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवलेल्या. पुराच्या दिवशी त्या जाळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या. यातला एकही बदल करणाऱ्याला आपण धरण धोक्यात घालतोय असे वाटले नसणार. तुमच्याकडची गाडीवाट याच जातीची आहे. गुजरातमधले मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी गेले तेही सांडव्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी जास्त पाणी आल्याने. दोन्ही बाजूंचे मातीचे भराव वाहून गेले, मधला सांडव्याचा पक्का भाग मात्र उभा राहिला.

आता ‘चाळीस वर्षांत काही झाले नाही’ याबद्दल. हे मी जवळजवळ प्रत्येक धरणावर ऐकतो, आणि म्हणणाऱ्याचा अनुभव खोटा नसतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. लहान धरणाचा सांडवा बहुधा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखलेला असतो. म्हणजे दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता एक टक्का. मग चाळीस वर्षांत तो एकदाही न येण्याची शक्यता किती? सुमारे ६७ टक्के. म्हणजे अशी तीन धरणे घेतली तर त्यातल्या दोघांनी चाळीस वर्षांत आपला खरा पूर पाहिलेलाच नसतो. जे कधी पूर्ण भरलेच नाही, त्याच्या वरच्या अर्ध्या भागाबद्दल चाळीस वर्षांचा अनुभव काहीच सांगत नाही.

पाणीसाठ्याचे धरण पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत पूर्ण भरते. दोष असेल तर तेव्हाच डोके वर काढतो आणि नंतर रोज कुणीतरी ते भरलेले पाहत असतो. पूररोधक धरणाचे तसे नाही. ते रिकामे राहते, उन्हात तापते, सुकते, भेगाळते; आणि एका रात्री अचानक भरते. त्याच्यासाठी प्रत्येक मोठा पूर ही जणू पहिली भरणीच असते. पहिली भरणी किती घातक ठरू शकते, हे टीटन धरणाने दाखवले आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातले हे ९३ मीटर उंचीचे मातीचे धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदा भरत असताना फुटले. सकाळी गळती दिसली. भोक बुजवायला दोन बुलडोझर पाठवले, तेही त्याच भोकात गेले. चालकांना कसेबसे बाहेर ओढले. दुपारचे बारा वाजायच्या आत धरण फुटले होते.

आता तुमच्या ओलीकडे येतो. ‘फारशी नाही, नुसती जमीन ओलसर होती’ असे तुम्ही लिहिले आहे. मला ती किती होती यापेक्षा ती किती लवकर आली याची जास्त काळजी वाटते.

नीट दाबलेल्या चिकणमातीतून पाणी फार हळू सरकते, वर्षाला काही सेंटीमीटर ते फार तर काही मीटर. ९ मीटर उंचीच्या धरणाचा तळ पाण्याकडून पायथ्यापर्यंत चाळीस-पन्नास मीटर रुंद असतो. तेवढे अंतर मातीच्या अंगातून झिरपत यायला पाण्याला वर्षे लागतील. तुमचे धरण भरले, आणि दुसऱ्या दिवशी पायथा ओला. म्हणजे ते पाणी मातीच्या अंगातून आलेले नाही. त्याला आयती वाट मिळाली आहे. ती वाट पाइपच्या कडेने असेल, एखाद्या भेगेतून असेल किंवा पायाखालच्या वाळूच्या थरातून असेल. बारमाही भरलेल्या धरणाच्या पायथ्याला अशीच ओल असती तर मी इतका अस्वस्थ झालो नसतो. तिथे थोडा पाझर अपेक्षितच असतो आणि तो बाहेर काढायची सोय केलेली असते. कोरड्या धरणाला एका दिवसात ओल येणे ही वेगळी गोष्ट आहे.

एक शक्यता मात्र आधी बाजूला काढा. ती ओल डोंगराच्या बाजूने येणाऱ्या झऱ्याची किंवा उतारावर पडलेल्या पावसाचीही असू शकते. ओळखायचे सोपे आहे. तलाव रिकामा असताना जोराचा पाऊस झाला की तिथे जाऊन बघा. तेव्हाही तीच जागा तितकीच ओली झाली तर पाणी पावसाचे. तलावात पाणी चढल्यावरच ओल येत असेल आणि पाणी उतरल्यावर जात असेल, तर पाणी तलावाचे. तुम्ही लिहिलेल्यावरून मला दुसरे वाटते, पण एका पावसाच्या निरीक्षणावर मी शिक्का मारणार नाही.

पाइपचा मुद्दा मी जरा लांबवतो, कारण लहान धरणांत सगळ्यात जास्त दगा इथेच होतो. बाकीचा भराव रोलरने थर-थर दाबलेला असतो. पण गोल पाइपच्या खालच्या दोन्ही कुशींत रोलर जात नाही, धुम्मसही नीट बसत नाही. तिथली माती ढिली राहते. वर्षे गेली की भराव बसतो, पाइप मात्र बसत नाही. दोघांच्या मध्ये माती अधांतरी, कमानीसारखी अडकते आणि तिच्यावर दाबच उरत नाही. तलाव भरला की पाण्याचा दाब त्या मातीतल्या दाबापेक्षा जास्त होतो आणि पाणी मातीला चिरून आत शिरते. पूर्वी यावर उपाय म्हणून पाइपभोवती काँक्रीटच्या कॉलर बसवत, पाण्याचा रस्ता लांबावा म्हणून. अनुभव असा आला की त्या कॉलरच्या कोपऱ्यांत माती दाबणे आणखी कठीण होते. आता तसे करत नाहीत. आता पाइपच्या खालच्या टोकाकडच्या भागात भोवताली स्वच्छ वाळूची जाड गाळणी घालतात. पाणी तिच्यातून निघून जाते, मातीचे कण अडकून राहतात, आणि भेग तिथल्या तिथे बुजते. पाणी येऊ द्यायचे, पण माती घेऊन जाऊ द्यायची नाही, ही मृदायांत्रिकीचे जनक कार्ल टर्झागींनी पक्की केलेली कल्पना आहे आणि मातीच्या धरणाच्या सुरक्षिततेत तिच्याइतकी मोलाची दुसरी कल्पना मला माहीत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या लहान धरणात अशी गाळणी बहुतेक नसते. जुने नकाशे मिळाले तर आधी हेच शोधा.

एका धरणावरचा अनुभव सांगतो. तिथेही पाइपच्या तोंडाच्या काँक्रीटला लागून, करंगळी जाईल एवढ्या फटीतून पाणी येत होते. तलावात पाच-सहा मीटर पाणी होते. ‘स्वच्छ आहे साहेब, काळजीचे काही नाही,’ असे तिथला माणूस म्हणाला, आणि खरेच, ओंजळीत घेतले तर पाणी नितळ दिसत होते. मी काचेची बरणी भरली आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून माथा फिरायला गेलो. तासाभराने परत येऊन बघतो तर बरणीच्या तळाला नखाएवढा जाड, पिवळसर, साईसारखा थर. लिटरभर पाण्यात एवढी माती, आणि ते पाणी दिवसरात्र वाहत होते. मग पाइपच्या रेषेने वर चढत गेलो. वरच्या उतारावर, गुडघाभर गवतात, परातीएवढा खोलगट खड्डा होता. गवत त्यात सुद्धा हिरवेच होते, म्हणून कुणाला दिसला नव्हता. धरण रिकामे करून पुढे उन्हाळ्यात खणले तेव्हा पाइपच्या कुशीखाली माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी निघाली. बाहेरून जे दिसत होते ते फक्त करंगळीएवढे होते.

म्हणून पुढच्या वेळी धरण भरेल तेव्हा ही चार कामे करा. पारदर्शक बरणी घेऊन जा. पाणी भरा, झाकण लावा, तारीख, वेळ आणि तलावातली पातळी लिहून ठेवा, आणि बरणी न हलवता दुसऱ्या दिवशी बघा. पाणी वाहत असेल तर बादली खाली धरून १० लिटर भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. तलावात पातळी तीच असताना सेकंद कमी-कमी होत असतील तर वाट रुंदावत आहे. ओलीच्या कडेला खुंट्या ठोका, म्हणजे ती पसरते की नाही हे अंदाजावर राहत नाही. आणि पाइपच्या रेषेने दोन्ही उतार गवत बाजूला सारून पायाखाली घाला, खड्डा, खचलेली जागा, पोकळ वाजणारी जमीन शोधा. पाइपच्या आत मात्र कुणीही उतरू नये. आत प्राणवायू कमी असू शकतो, पाणी अचानक वाढू शकते. आतली तपासणी कॅमेऱ्याने होते. सांधे उघडले असतील तर आजूबाजूची माती पाइपमध्ये ओढली जाते. लोखंडी पन्हळी पाइप असेल तर चाळीस वर्षांत त्याचा तळ गंजून चाळणी झालेला असणे मुळीच नवलाचे नाही.

मातीचीही एक परीक्षा घरी करता येते. काही चिकणमाती अशी असते की पाणी लागताच तिचे कण एकमेकांना सोडून देतात; तिच्यात सोडियमचे प्रमाण जास्त असते. अशा मातीतली भेग काही तासांत बोगदा होते. भरावातला हरभऱ्याएवढा खडा, ओलावा न उडवता, शुद्ध पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. बॅटरीत घालतात ते पाणी चालते. नळाचे घेऊ नका, त्यातल्या क्षारांमुळे फसगत होते. खडा नुसता ढासळून तळाशी ढीग झाला आणि पाणी नितळ राहिले तर ठीक. पण खड्याभोवती धुराच्या वलयासारखा गढूळपणा उठला, तळाशी पसरत गेला आणि तासाभरानेही खाली बसला नाही, तर ही माती विरघळून जाणारी आहे असे धरून चाला आणि प्रयोगशाळेत पाठवा. वलय दिसले तर निकाल बहुतेक बरोबर असतो. दिसले नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, या परीक्षेतून काही वाईट माती सुटते.

पाइपच्या वरच्या तोंडाची जाळी तुम्ही विचारली नाहीत, पण सांगतो. पूररोधक धरणाचे खरे काम पाणी अडवणे एवढेच नाही, तर पुढचा पाऊस यायच्या आत रिकामे होणे हे आहे. आखणी करताना साधारण १० दिवसांत पूरसाठा उतरावा असे धरतात. जाळी ओंडक्यांनी, प्लास्टिकने तुंबली की तलाव अर्धा भरलेलाच राहतो आणि दुसरा पूर येतो तेव्हा त्याला जागाच नसते. मग सगळा भार सांडव्यावर, आणि तुमच्या सांडव्यात फूटभर माती आहे. प्रत्येक मोठ्या पावसानंतर धरण किती दिवसांत रिकामे झाले याची नोंद ठेवा. हा एकच आकडा सलग काही वर्षे लिहिला तरी पाइपची तब्येत कळते.

भेगांमध्ये आडव्या आणि उभ्या असा फरक करायला शिका. माथ्याच्या लांबीने जाणारी बारीक भेग बहुतेक वेळा सुकल्याची असते. ती धनुष्यासारखी वाकलेली असेल आणि एक बाजू खाली बसली असेल तर मात्र उतार घसरू लागला आहे. तलावाकडून खालच्या बाजूकडे, धरणाला आडवी जाणारी भेग सगळ्यात वाईट, कारण तीच पाण्याची सरळ वाट. ती शोधायची जागा म्हणजे दोन्ही टोके, जिथे भराव टेकडीला भिडतो, आणि पाइपच्या वरचा माथा. उन्हाळ्याच्या शेवटी बघा. पहिल्या सरीनंतर तोंड मिटते, आतून ती तशीच असते.

झाडांबद्दल लोक हळवे असतात, मीही आहे, पण धरणाच्या अंगावर झाड नको. झाड उभे असताना मुळे पाण्याच्या दिशेने आत जातात. वादळात उन्मळले तर मुळांसकट गाडीभर माती घेऊन पडते. मेले तर मुळे कुजून नळ्या राहतात. मनगटाहून बारीक झाडे मुळासकट आताच काढा आणि खड्डे माती दाबून भरा. मोठी झाडे एकदम तोडून बुंधे तसेच ठेवू नका. ते काम धरण रिकामे असताना, अभियंत्याच्या देखरेखीखाली, मुळे खणून आणि थर-थर भरून करायचे असते. पायथ्यापासून पलीकडे सात-आठ मीटर पट्टाही मोकळा ठेवा, म्हणजे ओल दिसते तरी. गवत मात्र हवेच, छाटलेले आणि दाट.

बिळांचेही तसेच. कोकणातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटल्यावर खेकड्यांची बरीच चर्चा झाली. बिळे हा खरा धोका आहे, ती पाण्याचा रस्ता आखूड करतात. साळिंदर, घूस यांची बिळे खोलवर जातात. पण बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. ते दिसत असते, गळती दिसत असते, आणि तिवऱ्याच्या गावकऱ्यांनीही गळतीची तक्रार आधी केलेली होती. त्या तक्रारीनंतर काय झाले, तो प्रश्न मला खेकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

खाली घरे आली आहेत, हे तुम्ही शेवटी आणि जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने पहिले तेच असायला हवे. शेताच्या वर बांधलेले धरण आणि घरांच्या वर बांधलेले धरण यांचे निकष वेगळे असतात: सांडवा मोठा लागतो, तपासणी वारंवार लागते, तयारी वेगळी लागते. धरण तसेच राहिले तरी खाली माणसे आली की त्याचा वर्ग बदलतो. अमेरिकेत पाणलोट कार्यक्रमांत बांधलेली अशी सुमारे १२,००० लहान पूररोधक धरणे आहेत. त्यांतल्या बऱ्याच धरणांचे आयुष्य ५० वर्षे धरलेले होते, ते संपत आले किंवा संपले, आणि शेतांसाठी बांधलेल्या कित्येकांखाली आता वस्ती आहे. तिथेही हाच पेच आहे. लहान धरणाने काय होणार, असे म्हणणाऱ्याला केली बार्न्स धरणाची गोष्ट सांगा. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टोकोआजवळचे हे मातीचे धरण जेमतेम १२ मीटर उंच होते. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी रात्री दीडच्या सुमारास फुटले आणि खाली झोपलेली ३९ माणसे गेली.

रात्रीचा मुद्दा विसरू नका. आणीबाणीची योजना म्हणजे जाडजूड फाइल नव्हे. खालच्या प्रत्येक घराचा एक फोन, पाणी कुठपर्यंत येईल याचा नकाशा, उंचावर जायची ठरलेली वाट, पातळी कुठे पोहोचली की कुणी कुणाला फोन करायचा हे एका कागदावर, आणि रात्री दोनला नेटवर्क गेले तर काय वाजवायचे. सांडव्याच्या भिंतीवर तीन रंगांच्या पट्ट्या रंगवा. पिवळीला पाणी लागले की धरणावर माणूस, केशरीला लागले की फोन, लालला लागले की घरे रिकामी. रिकामी करून धरण टिकले तर लोक चिडतील, चिडू द्या.

आणि गढूळ पाणी दिसलेच, किंवा पायथ्याला वाळू उकळल्यासारखी वर येऊ लागली, तर क्रम लक्षात ठेवा. आधी माणसे हलवायची, फोन करायचे, मग धरण. खालच्या बाजूने भोक कधीही चिकणमातीने, पोत्यांनी ठासून बंद करू नका. पाणी कोंडले की ते दुसरीकडून, आणखी जोराने फुटते. तिथे आधी स्वच्छ वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि वजनाला दगड, असे उलट्या गाळणीचे थर टाका. पाणी येत राहिले पाहिजे, माती थांबली पाहिजे. वाळू उकळत असेल तर तिच्याभोवती पोत्यांचे गोल कडे करून आतले पाणी थोडे चढू द्या, म्हणजे दाबाचा फरक कमी होतो आणि माती येणे मंदावते. वरच्या बाजूला भोवरा दिसला तर तिथे मात्र खडी, गवताचे भारे, ताडपत्री, हाताला येईल ते टाकायला हरकत नाही. पण कुणालाही दोरीशिवाय कडेला जाऊ देऊ नका आणि यंत्र भोकाजवळ नेऊ नका. टीटनचे बुलडोझर आठवा. तलाव उतरवायला सुरुवात करा. एरवी पातळी हळू उतरवतात, नाहीतर वरचा ओला उतार घसरतो, पण धरणच जाणार असेल तर ती चिंता मागे पडते. आणि पाणी वाट काढेल म्हणून कुणी धरणाच्या भरावालाच चर मारायला निघाले तर त्याला अडवा. तो चर काही मिनिटांत तुमच्या हाताबाहेर जातो.

अभियंत्याला बोलवाल तेव्हा ‘धरण बघून जा’ एवढेच म्हणू नका, तेवढ्यावर तो माथ्यावरून फेरी मारून जाईल. त्याच्याकडून माथ्याची पूर्ण लांबीभर लेव्हल, सांडव्याची आजची रुंदी आणि तळपातळी, पाइपची कॅमेऱ्याने तपासणी आणि खालची घरे धरून पुराचा नवा हिशेब या चार गोष्टी मागा. पाइपभोवती गाळणी नाही असे निघाले तर खालच्या टोकाकडचा भाग उकरून ती बसवता येते. लहान धरणाला हे काम एका कोरड्या हंगामात होते. भराव उकरलेला असताना पावसाळा गाठायचा नाही, एवढे मात्र कंत्राटात तारखेसह लिहून घ्या.

गाडीवाटेचे लोक तुमच्याशी भांडतील, कारण त्यांची अडचण खरी आहे. त्यांना सांडव्याच्या तळाच्याच पातळीवर, भर न टाकता, दगडी फरशीची वाट करून देता येते. पूर आला की ती काही तास पाण्याखाली जाईल आणि पूर उतरला की पुन्हा वापरता येईल. या वाटेचा नकाशा सोबत घेऊनच पहिल्या बैठकीला जा.